‘रूस’ आणि रशिया : शालेय अध्यापनातील एक प्रश्न

रशियाचा आरंभीचा इतिहास शिकविताना रुरिक, ओलेग, व्लादिमिर ही नावे केवळ सनावळीच्या रूपाने मांडली, तर विद्यार्थ्याच्या हाती पाठांतरापलीकडे काही लागत नाही. ही माहिती कोणत्या साधनांवरून मिळाली, हा प्रश्नच अध्यापनाचा गाभा असावयास हवा.

जबलपूरच्या ओमती भागातील मराठी विद्यार्थ्यांपुढे हा विषय तेवरपासून आरंभिता येईल. भेडाघाटच्या वाटेवरील हे गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तेथे कर्ण राज्य करीत असता (१०४१–७३) कीव येथे यारोस्लाव (१०१९–५४) सत्तेवर होता. कर्णाची कन्या यौवनश्री पालवंशीय तिसऱ्या विग्रहपालास दिली होती; यारोस्लावची कन्या अ‍ॅना १०५१ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या हेन्रीची राणी झाली. सोयरिकीतून राजकारण साधण्याची रीत दोहींकडे सारखीच होती.

साधने मात्र भिन्न आहेत. कर्णाचा वाराणसी ताम्रपट १०४२ चा, म्हणजे त्याच्याच कारकिर्दीतील आहे. कलचुरींचे असे लेख वा. वि. मिराशी यांनी संपादिले व ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, ८६२ मध्ये रुरिकला राज्य करण्यास पाचारण केल्याची कथा ज्या इतिवृत्तात येते, ते बाराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. अडीचशे वर्षांनंतरची ही साक्ष कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार विद्यार्थ्यांनीच करावा. १९५१ पासून नोव्गोरोद येथे भूर्जवृक्षाच्या सालीवरील हजाराहून अधिक लेख सापडले आहेत. त्यांपैकी काहींवर तेराव्या शतकातील ओन्फिम नावाच्या मुलाने अक्षरे गिरविली असून स्वतःला घोडेस्वार म्हणून रेखाटले आहे. राजकुळाबाहेरचे जीवन अशा साधनांतूनच दिसते.

अखेरचा प्रश्न नावाचा. हिंदीत आजच्या रशियाला ‘रूस’च म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांत वावरणाऱ्या येथील विद्यार्थ्याला मध्ययुगीन रूस व आधुनिक रशिया एकच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कीव ही आज युक्रेनची राजधानी आहे आणि रूसचा वारसा रशिया, युक्रेन व बेलारूस हे तिन्ही देश सांगतात. या सामाईक वारशाच्या आधारे रशियन व युक्रेनियन हे एकच लोक होत, असे प्रतिपादन रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी २०२१ मध्ये केले. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले. तेव्हा वर्गात ‘कीवचा रूस’ अशी स्वतंत्र संज्ञा कटाक्षाने वापरावी. कर्णाला मध्य प्रदेशाचा राजा म्हणणे जितके विपरीत, तितकेच यारोस्लावला आजच्या रशियाचा राजा म्हणणे होय.