कोरेगावचा विजयस्तंभ आणि टोकियोचे यासुकुनी

युद्धस्मारक कोणी उभारले आणि पुढे ते कोणाचे झाले, हे दोन निराळे प्रश्न होत. टोकियो येथील यासुकुनी हे शिंतो देवालय १८६९ साली स्थापन झाले. सम्राटासाठी मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना तेथे देवत्व दिलेले आहे. १९७८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांचाही त्यांत समावेश झाला. त्यांत जपानच्या सत्तेखालील कोरियन व तैवानी सैनिकही आहेत. त्यांच्या वारसांपैकी अनेकांनी नावे वगळण्याची मागणी केली; देवालयाने ती मानली नाही. मृताच्या नावावर हक्क कोणाचा, हाच तेथील वाद.

आमच्याकडे हा प्रश्न भीमा कोरेगावला उभा राहतो, पण उलट बाजूने. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे आठशे सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपविले. कंपनीने स्वतःच्या कीर्तीसाठी स्तंभ उभारला. त्यावरील नावांत बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. ती महार सैनिकांची. शेजारी मराठा, राजपूत, मुसलमान अशीही नावे आहेत. म्हणून ही लढाई केवळ जातीविरुद्ध होती असे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही म्हणणार नाही. मात्र ते कंपनीचे चाकर होते, एवढे म्हणून हा विषय मिटविणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. पेशवाईतील चाकरांना असला हिशेब कोणी विचारीत नाही! ज्यांना गावात शिवून घेत नव्हते, त्यांची नावे सरकारी दगडावर कोरली गेली, ही गोष्ट लहान नव्हे.

इंग्रजांनीही कृतज्ञता ठेवली नाही. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले आणि कंपनीचा स्तंभ समाजाचा झाला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता.

१ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर त्यावर चौकशी आयोग बसला. तरीही अकोला-अमरावतीहून माणसे दरवर्षी जातात. यासुकुनीत मृतांना देव मानतात. येथे कोणी देव नाही, नावांना मानवंदना आहे. आमचे विद्यार्थी गेले, तर त्यांनी फोटोआधी शिलालेखावरील एकूण एक नाव वाचावे, 'नाक' नसलेलीही.