दोन सायकली

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात सिनेमा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण विषय सायकलचा आहे, म्हणजे तसा आपलाच!

मागच्या सेमिस्टरला होस्टेलवर आम्ही डी सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) पाहिला. महायुद्धानंतरचं रोम. अंतोनिओला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट एकच, सायकल पाहिजे. घरातल्या चादरी गहाण टाकून तो सायकल सोडवतो आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते! मग तो आणि छोटा ब्रूनो रोमभर ती शोधत फिरतात.

लगेच आठवला परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). पंढरपूरच्या ज्ञानेशची सायकल त्याच्या दिवंगत वडिलांनी बनवलेली. आईचं विणकामाचं मशीन कर्जापायी जप्त होतं, ते सोडवायला सायकल विकायची वेळ येते. ती वाचवायला पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात.

रोममध्ये सायकल गेली म्हणून रोजगार जातो, पंढरपुरात रोजगारासाठी सायकल जाणार असते. एवढाच फरक.

जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. खेळ हेच मुलाचं शिक्षण, त्यासाठी वेगळी जागा आणि वेगळी खेळणी हवीत, हा त्याचा विचार. पण ब्रूनो पेट्रोल पंपावर राबतो. ज्याच्या वाट्याला वेगळी जागा येत नाही, त्याचं खेळणं आणि घरचं पोट एकाच वस्तूवर चालतं.

हे मला पटलं, कारण मी भांडगावचा. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाताना आमच्या गावातून जाते. वारकऱ्यांना पाणी द्यायला पळणं हा आमचा खेळच! अण्णा सायकलवर दुधाच्या किटल्या डेअरीत न्यायचे. किटल्या रिकाम्या झाल्या की सायकल माझी. नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचो. एकदा भरल्या किटल्यांसकट पाडली. अण्णांनी फटका दिला. खूप दिवस राग होता मनात.

सिनेमाच्या शेवटी अंतोनिओ स्वतःच सायकल चोरतो, पकडला जातो. मालक रडणाऱ्या ब्रूनोकडे बघून त्याला सोडून देतो. ब्रूनो गुपचूप बापाचा हात धरतो. तेव्हा मला त्या सांडलेल्या दुधाचा हिशेब कळला.

ती सायकल अजून गोठ्यात आहे. या सुट्टीत चेन बदलणार आहे. आणि अण्णांना विचारणार आहे, "तुम्ही लहानपणी काय खेळायचा?" आजवर कधी विचारलंच नाही.

तुम्ही विचारलंय?