मुलांच्या हाडांचा आकडा कुणाशी ताडायचा?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कुठल्याही गावचं शिबिर घ्या. टाच यंत्रात ठेवली की दोन-चार मिनिटांत चिठ्ठी हातात येते : टी-स्कोअर उणे १.६, आणि शेजारी शिक्का ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडांची घनता कमी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हाती ती पडली तर पुढच्या तपासणीचं निमित्त तरी होतं. पण तीच चिठ्ठी बारावीतल्या मुलीला किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोराला मिळाली की घरात काळजी शिरते. मुलगी असेल तर स्थळं बघताना हे कुणाच्या कानी जाऊ नये म्हणून कागद कपाटात दडतो, आणि गोळ्या मात्र सुरू होतात. असे कागद वाचून माझं एक मत पक्कं झालंय. वाढत्या वयातल्या माणसाच्या हाडांचा आकडा किती आला हे नंतर बघावं, तो कुणाशी ताडून काढला हे आधी विचारावं.

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडांची तुलना पूर्ण वाढ झालेल्या, निरोगी तरुण माणसाच्या सरासरीशी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये उणे १ च्या खाली ‘ऑस्टिओपेनिया’ आणि उणे २.५ पासून खाली ‘ऑस्टिओपोरोसिस’ (ठिसूळपणा) अशा रेषा आखल्या त्या पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी, आणि त्याही टाचेच्या अल्ट्रासाउंडवर नव्हे, क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या मापावर. दहा वर्षांच्या मुलीला ही फूटपट्टी लावली की काय होतं ते पाहा. समजा तिच्या कमरेच्या मणक्यांचं माप ०.६० आलं, तरुण बाईची सरासरी १.०० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा फरक) ०.१२ आहे. टी-स्कोअर निघतो उणे ३.३, म्हणजे कागदावर ‘ऑस्टिओपोरोसिस’. मुलीत मात्र काहीच बिघडलेलं नसतं, तिची हाडं अजून भरायची आहेत एवढंच. म्हणून मुलांसाठी, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांसाठी आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांसाठी झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या लोकांशी तुलना. विशीत तर दोन्ही स्कोअर जवळपास सारखेच येतात, कारण टी-स्कोअरची तुलनाच तरुणांशी असते. तिथे गोंधळ घालतो तो शिक्का. आकड्यांची वाटणी नेहमीसारखी धरली तर पूर्ण वाढलेल्या शंभर धडधाकट तरुणांपैकी सुमारे सोळा जण उणे १ च्या खाली असणारच, आणि दोन-तीन जण उणे २ च्याही खाली. कॉलेजात शिबिर भरवा, ‘रुग्ण’ सापडणार हे गणितानेच ठरलेलं आहे. या मापनाचे नियम ठरवणारी ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री’ सांगते की मुलांच्या अहवालात टी-स्कोअर आणि ‘ऑस्टिओपेनिया’ हे दोन्ही नसावेत. झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असला तर ‘वयाच्या मानाने कमी’ एवढंच लिहावं.

झेड-स्कोअर आला म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. डेक्सा हाडाची सावली मोजतं. लांबी-रुंदी त्याला दिसते, जाडी दिसत नाही, म्हणून उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम. एकाच प्रतीच्या हाडाचे दोन ठोकळे घ्या, दर घन सेंटिमीटरला ०.३ ग्रॅम खनिजाचे. दोन सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्यात २.४ ग्रॅम खनिज आणि सावली चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे यंत्र म्हणणार ०.६. तीन सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्यात ८.१ ग्रॅम आणि सावली नऊ, म्हणजे यंत्र म्हणणार ०.९. हाडाची प्रत तीच, तरी लहान ठोकळा ‘कमजोर’ ठरला. बुटक्या मुलाचं नेमकं हेच होतं. ज्याला मिसरूड उशिरा फुटतं त्या पंधरा वर्षांच्या मुलाची तुलना आवाज फुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांशी झाली, तर तोही विनाकारण मागे पडतो. तेव्हा उंचीचा हिशोब घातल्याशिवाय आणि वयात येण्याचा टप्पा पाहिल्याशिवाय मुलाचा झेड-स्कोअर वाचू नये.

उंची धरायची तर संदर्भ कुणाचा? यंत्रात बऱ्याचदा परदेशी मुलांचे आकडे भरलेले असतात. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी ५ ते १७ वयाच्या निरोगी भारतीय मुलामुलींची डेक्सा-मापं घेऊन तक्ते तयार केले. ते २०११ मध्ये ‘बोन’ या नियतकालिकात छापून आले. अहवालात कुठला संदर्भ वापरला हे लिहिलेलं नसेल तर ते विचारायचा हक्क पालकांना आहे. यावर एक आक्षेप येतो आणि तो मला वजनदार वाटतो. आपली मुलं बुटकी राहतात ती खाण्यापिण्याच्या आबाळीमुळे. मग उंचीची सूट देऊन त्यांची हाडं ‘ठीक’ ठरवणं म्हणजे कुपोषणावर पांघरूण घालणंच नाही का? हा धोका खरा आहे, पण त्याचा इलाज उंचीचा हिशोब सोडून देणं हा नव्हे. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत : मूल वयाच्या मानाने वाढलंय का, आणि जेवढं वाढलंय तेवढ्याला हाड पुरेसं भरलंय का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तोच आजार, आणि तो शोधायला डेक्सा लागत नाही, भिंतीवरची पट्टी आणि वजनकाटा पुरतो. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते, आणि १०० ग्रॅम ज्वारीतून मिळतं जेमतेम २५-३०. भूमकडे दूध खव्याच्या भट्टीवर जातं, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची तर चूलच महिनोन्‌महिने फडावर असते. पोरांच्या वाट्याला दूध, तीळ, नाचणी येते का हा प्रश्न स्कोअर कितीही आला तरी विचारावाच लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : औषध घेतलं तर बिघडलं काय? बरंच बिघडू शकतं. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडात खनिज भरलं नाही, म्हणजे मुडदूस असला, तरी डेक्साचा आकडा कमीच येतो. अशा मुलाला म्हातारपणच्या ठिसूळपणाची बिस्फॉस्फोनेट गोळी दिली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक रीतीने उतरू शकतं. शिवाय हे औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, पुढे बाळंतपणं व्हायची असलेल्या मुलीच्या बाबतीत ते हलक्यात घेऊ नये. साठ हजार युनिटांची डी-थ्रीची पुडी तर आपल्याकडे बडीशेपेसारखी दिली जाते, पण ती न मोजता महिनोन्‌महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. आणि मोठा आकडा म्हणजे मजबूत हाड, हेही खरं नाही. पाण्यात जास्त फ्लोराइड असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत हाडं जड होतात तशी ठिसूळही होतात.

मुलांमध्ये ‘ऑस्टिओपोरोसिस’ हे निदान नुसत्या आकड्यावर होतच नाही. मोठ्या अपघाताशिवाय किंवा त्या जागच्या आजाराशिवाय मणका दबलेला असेल, तर आकडा न पाहताही ते होतं. नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा खाली हवा आणि जोडीला दहा वर्षांच्या आत लांब हाडं दोनदा, किंवा एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीनदा मोडलेली हवीत. वयात येताना उंची झपाट्याने वाढते आणि खनिज काही महिने मागे राहतं. झाडावरून पडून एकदा मनगट मोडलं ते बहुधा त्याच काळातलं. तेवढ्यासाठी डेक्सा करायला सोलापूर-पुण्याची फेरी मारू नये. फेरी मारावी ती दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्या मुलासाठी, थॅलेसेमियासाठी, न चालणाऱ्या मुलासाठी, वारंवार हाडं मोडणाऱ्यासाठी. खो-खोच्या मैदानावर दिवसरात्र घाम गाळणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने थांबली, तर तिच्यासाठीही. भरतीच्या पोराची नडगी दुखत असेल तर त्याला डेक्सा नको, पळणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवणं हवं.

डेक्सासाठी गेलात तर मुलाची मोजलेली उंची, वजन, पाळी कधी आली आणि आधी काय काय मोडलं हे लिहून न्या. माप कमरेच्या मणक्यांचं आणि डोकं वगळून सगळ्या अंगाचं घ्यायला सांगा. दुसरी तपासणी सहा महिन्यांच्या आत नको, आणि ती त्याच यंत्रावर हवी, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत. तेव्हाही ग्रॅम वाढले म्हणून निश्चिंत होऊ नका, वाढत्या मुलाचे ग्रॅम वाढतातच. उंचीचा हिशोब घालून काढलेला झेड-स्कोअर आधीपेक्षा खाली आला असेल, तर डॉक्टरांशी पुन्हा बसा.