रणवाद्ये आणि त्यांचे वादक
(चकलांबा परिसरातील शाळांकरिता इतिहासाचे पूरक पाठटिपण)

चकलांबा परिसरातील मुलांस राक्षसभुवन हे नाव शनीच्या देवस्थानामुळे परिचित असते. गेवराई तालुक्यातील याच गोदाकाठच्या गावी १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे व निजाम यांची लढाई झाली. निजामअली काही सैन्यासह नदीपार गेला होता. मागे राहिलेल्या फौजेवर मराठ्यांनी हल्ला केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांगणी पडला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचे कर्तृत्व या प्रसंगाने सर्वांच्या दृष्टीस आले. हा पाठ शिकविताना शिक्षकांनी वर्गास एक प्रश्न विचारावा : सहस्रावधी माणसे आणि घोडी यांच्या कोलाहलात सेनापतीची आज्ञा दूरच्या स्वारास कशी कळत असेल?

माणसाचा आवाज अशा वेळी फार दूर जात नाही. म्हणून प्राचीन काळापासून सैन्यात वाद्ये असत. अथर्ववेदात दुंदुभीवर स्वतंत्र सूक्त आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात भेरी, पणव, आनक यांचा उल्लेख येतो. मध्ययुगात नगारा हे प्रमुख रणवाद्य झाले. धातूच्या किंवा मातीच्या अर्धगोल भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून बसवीत व दोन काठ्यांनी ते वाजवीत. मोठे नगारे हत्तीवर वा उंटावर लादून नेत. कुचाचा नगारा झाला की छावणी हलू लागे. नगारा व निशाण ही सत्तेची चिन्हे मानली जात. ती शत्रूच्या हाती पडणे हा मोठाच अपमान होता.

ज्या वाद्यावर फौज विसंबून राहते, त्याच वाद्याने ती फसूही शकते. ५ एप्रिल १६६३ रोजी शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला. त्या रात्री काही मराठे नगारखान्यात शिरले आणि खानाचाच हुकूम असल्याचे सांगून त्यांनी वादकांना नौबत वाजविण्यास लावले, असे खाफीखान हा इतिहासकार सांगतो. त्या गजरात महालातील आरडाओरड ऐकू येईना. वादकांनी आज्ञा पाळली, पण आज्ञा देणारा कोण हे त्यांना कळले नाही.

युरोपातील पायदळातही ढोलाच्या ठोक्यांवर सैनिकांची पावले पडत. तेथे कित्येक वादक कोवळ्या वयाची मुले असत. पुढे बिगुल व त्यानंतर बिनतारी संदेशयंत्रे आली, आणि रणांगणावरील ढोलाचे काम संपले.

या सर्व वृत्तांतात वादकाच्या स्थितीचा विचार विद्यार्थ्यांनी विशेष करावा. नगारा वाजविताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असत. तलवार धरावी तर नगारा बंद पडे. नगारा मध्येच थांबला तर आपला सरदार पडला, अशी शंका सैन्यात पसरण्याचा संभव असे. म्हणून शत्रू समोर असता वाजवीत राहणे हेच त्याचे शौर्य होते. बखरींत सरदारांची नावे आढळतात, नगारा वाजविणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. मेलेल्या जनावराचे कातडे कमावून वाद्य मढविणाऱ्यांना तर समाजाने शतकानुशतके अस्पृश्य लेखले. ज्यांच्या श्रमावाचून नगाऱ्यातून नाद निघाला नसता, त्यांनाच गावाबाहेर राहावे लागले. ही गोष्ट शिक्षकांनी टाळू नये. सौम्य पण स्पष्ट शब्दांत मुलांना सांगावी.

वर्गात करावयाचे उपक्रम

१. गावातील हलगीवादकास शाळेत सन्मानपूर्वक निमंत्रित करावे. वाजविण्यापूर्वी हलगी विस्तवावर का शेकतात, हे मुलांनी त्यांनाच विचारावे. ओल धरलेले कातडे सैल पडते व शेकल्याने ते ताणले जाते, हे मुलांना प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.

२. क्रीडांगणावर मुलांचे दोन गट करावेत. एक ठोका म्हणजे थांबणे, दोन म्हणजे पुढे जाणे, तीन म्हणजे मागे फिरणे, असे संकेत ठरवावेत. प्रथम ओरडून व नंतर ठोक्यांनी आज्ञा देऊन दोहोंतील फरक मुलांकडून वदवून घ्यावा.

प्रश्न

१. राक्षसभुवनची लढाई कोणाकोणात व केव्हा झाली?
२. लाल महालावरील छाप्यात नौबतीचा उपयोग कसा झाला?
३. हाती शस्त्र नसतानाही नगारा वाजविणारा शूर का म्हणावा?