बैलाची पारख

‘धर्माची गाय आणि दात काय?’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. दान म्हणून मिळालेल्या गाईचे दात पाहू नयेत, असा तिचा अर्थ. परंतु याच म्हणीतून दुसरी गोष्टही ध्वनित होते. जे जनावर दाम मोजून घ्यावयाचे, त्याचे दात अवश्य पाहिले पाहिजेत.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळच्या आसपासचा मुलूख देवणी जातीच्या गाईबैलांसाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या देवणी गावावरूनच या जातीला नाव मिळाले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्यास शेवेरा, चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेल्यास वानेरा आणि अवघे अंग पांढरे असलेल्यास बालंक्या म्हणतात. नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी जातही अशीच नामांकित आहे. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची खंडोबाची यात्रा ही जनावरांच्या खरेदी-विक्रीची या भागातील जुनी ठिकाणे होत.

आता नांगरटीची पुष्कळ कामे ट्रॅक्टर करतो; तथापि लहान शेतकऱ्याला पेरणी-कोळपणीसाठी बैल अजूनही लागतो. मृगाचा पाऊस पडावा, जमिनीला वाफसा यावा आणि नेमका त्याच वेळी बैल तासात बसावा, तर त्या घरावर केवढा प्रसंग! वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच बैल घेणे ही कुणब्याच्या बुद्धीची परीक्षा असते.

जाणता शेतकरी प्रथम बैलाचे तोंड उघडून पाहतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. वासराचे दुधाचे दात लहान व अरुंद असतात. सुमारे दोन ते अडीच वर्षांनी मधले दोन पडून तेथे रुंद, पक्के दात येतात. पुढे एकेक जोडी बदलत जाऊन साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे होतात. अशा बैलाला ‘जुळलेला’ म्हणतात. त्यानंतर दात झिजू लागतात आणि म्हातारपणी त्यांच्यात फटी पडतात. म्हणजे वयाचा हिशेब बैलाने स्वतःच्याच तोंडात लिहून ठेवलेला असतो.

शिंगांवर मात्र फार विसंबू नये. ती तासून, तेल लावून नवी करता येतात. अंगावरची झूल आणि गळ्यातील घुंगुरमाळ यांनी डोळे दिपतात, पण त्याखालचे काही दिसत नाही. म्हणून झूल काढावयास सांगावी. जू जेथे टेकते, त्या खांद्यावरून हात फिरवावा. तेथे सूज असेल, किंवा हात लागताच बैल अंग चोरत असेल, तर खांदा दुखावलेला आहे असे समजावे. मग त्याला कठीण जमिनीवरून चालवून पाहावे. लंगडणारा पाय उभ्या बैलात दिसत नाही, तो चालत्या बैलात दिसतो. शेवटी शक्य असल्यास जुंपून पाहावे.

जनावराची पारख झाली, तरी विकणाऱ्याची उरतेच. ‘याच्यात काडीचाही दोष नाही,’ असे जो पुनःपुन्हा सांगतो, त्याच्याशी जपून वागावे. प्रामाणिक विकणारा न विचारताच सांगतो, “हा उजव्या बाजूला जुंपला तर नीट चालत नाही, डावीकडेच जुंपा.” अशा एका वाक्याने त्याला शेदोनशे रुपये कमी मिळतील, पण त्याच्या इतर शब्दांवर आपला विश्वास बसतो. जो जुंपून पाहू देत नाही, घाई करतो, ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ म्हणतो, तेथून निमूटपणे निघावे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत पुष्कळ बाजारांत चालत आली आहे. नवख्याने मात्र भाव उघड बोलावा आणि पावती घ्यावी. आता जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. तो क्रमांक पावतीशी ताडून पाहावा.

घेणाऱ्यानेही सचोटी सोडू नये. चांगल्या बैलाला खोटी नावे ठेवून भाव पाडणे हीसुद्धा एक प्रकारची फसवणूकच होय.

हीच कसोटी निर्जीव वस्तूलाही लागते. समजा, कोणाला जुना कॅमेरा घ्यावयाचा आहे. त्याचे बाहेरचे अंग पुसून लखलखीत करता येते. ती झाली बैलाची झूल. पण स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील, तर तो पूर्वी कोणीतरी उघडला असावा, हे कळते. भिंग उजेडासमोर धरले, तर आत वाढलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. आणि जो विकणारा “चार छायाचित्रे काढून पाहा, मग पैसे द्या,” असे म्हणतो, तो बैल जुंपून दाखविणाऱ्या शेतकऱ्याचाच भाऊ समजावा.

मुलांनो, वस्तू जुनी असणे हा दोष नव्हे. जुळलेला, कामाला सरावलेला बैल कोवळ्या गोऱ्ह्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. दोष असतो तो झीज लपविण्यात. जी झीज उघड सांगितली जाते, तिची किंमत ठरविता येते. जी लपविली जाते, तिची किंमत पुढे शेतात मोजावी लागते.

स्वाध्याय

१. बैलाचे वय दातांवरून कसे ओळखतात?
२. शिंगांवर विसंबू नये, असे लेखक का म्हणतात?
३. प्रामाणिक विकणारा कोणत्या गोष्टींवरून ओळखता येतो?
४. ‘ती झाली बैलाची झूल’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यात उपयोग करा : अंग चोरणे, डोळे दिपणे, नावे ठेवणे.
६. जुनी सायकल घेताना तुम्ही काय काय पाहाल, ते दहा ओळींत लिहा.