पत्र घरी पोहोचले, हाती पडले नाही : संगणकीय निरोपातील दोष शोधण्याचा एक पाठ

बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रसंग नोंदविला आहे. त्यांचे वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. साताऱ्यातील मुलांनी आपण येत असल्याचे पत्राने कळविले आणि आगगाडीने मसूर स्टेशन गाठले. न्यायला कोणीच आले नाही. जात समजताच गाडीवान गाडी द्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्याने मुलांना उपाशी झोपावे लागले. पुढे उलगडा झाला तो असा की, पत्र पोहोचले होते. नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते.

अस्पृश्यतेच्या इतिहासात या प्रसंगाचे स्थान आहेच आणि ते कायम राहील. परंतु त्यात निरोपाच्या व्यवहाराचाही एक धडा दडलेला आहे. संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि त्या वाटेने निघालेल्या मुलामुलींना तो उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्यालयातील संगणकावर चालणारा एखादा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरकडे माहिती मागतो, तेव्हा उत्तर येईपर्यंत तो खोळंबून राहिला तर पडदा गोठतो. बटण दाबले तरी काही हालत नाही. म्हणून प्रोग्राम मागणी पाठवून आपल्या कामाला लागतो आणि ‘उत्तर आले की अमुक काम कर’ अशी सूचना मागे ठेवतो. या सूचनेला कॉलबॅक म्हणतात. सोय मोठी, पण उत्तर केव्हा येईल आणि येईलच की नाही, याची शाश्वती नसते. दोष येथेच शिरतो.

असा दोष शोधताना प्रथम तर्क लढवू नये. इतिहासाच्या अभ्यासकाप्रमाणे पुरावा गोळा करावा. निरोपाच्या वाटेवरील प्रत्येक मुक्कामावर नोंद ठेवावी : मागणी निघाली, सर्व्हरला मिळाली, उत्तर परत आले, कॉलबॅक सुरू झाला, पडद्यावर माहिती दिसली. प्रत्येक नोंदीत वेळ, मागणीचा क्रमांक आणि काम कोणत्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या कोणत्या धाग्यावर, चालले हे लिहावे. ज्या मुक्कामानंतर नोंद तुटते, तेथेच शोध घ्यावा. मसूरच्या प्रसंगात टपालखात्याला बोल लावून उपयोग नव्हता. दोष घरातल्या शेवटच्या टप्प्यावर होता. तसेच पुष्कळदा नेटवर्क निर्दोष असते आणि उत्तर आपल्याच प्रोग्रामात हरवते.

ते हरवण्याची कारणे ठराविक आहेत. पहिले, यशाची सूचना लिहिलेली असते, अपयशाची नसते. चूक घडली की ती मुकाट्याने गिळली जाते. दुसरे, वाट पाहण्याची मुदत घातलेली नसते. तिसरे, उत्तर दुसऱ्या थ्रेडवर येते आणि तेथूनच पडद्याला हात लावला जातो. पडदा बदलण्याचा अधिकार बहुधा मुख्य थ्रेडलाच असतो, म्हणून ते काम त्याच्याकडे सोपवावे लागते. चौथे, उत्तर येण्यापूर्वी खिडकी बंद झालेली असते. अशा वेळी मागणी रद्द करणे योग्य. पाचवे, दोन मागण्यांची उत्तरे उलट क्रमाने येतात आणि जुने उत्तर नव्यावर बसते. येथे मागणीचा क्रमांक ताडून पाहावा.

दोष सापडला असे वाटले, तरी कसोटी घ्यावीच. नेटवर्कची तार मुद्दाम काढावी, सर्व्हरचे उत्तर मुद्दाम उशिरा पाठवावे, उत्तराआधी खिडकी बंद करावी. चांगल्या दिवशी चालणारा प्रोग्राम तपासला गेला, असे म्हणता येत नाही.

एवढी दक्षता कशासाठी? समजा, एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज कार्यालयातून भरला. पडद्यावर ‘पाठविले’ अशी अक्षरे उमटली. सर्व्हरने मात्र अर्ज नाकारला होता आणि ते उत्तर कॉलबॅकमध्ये विरून गेले. ज्याच्या घरी साधने आहेत, तो पालक चौकशी करून चूक वेळेत दुरुस्त करून घेईल. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या वाडीवरील, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना मुदत टळल्यावरच ते कळेल. चूक यंत्राची असली, तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्यापुढे दुसरी वाट बंद असते, त्याच्यावर तो सर्वाधिक पडतो.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी एक नियम पाळावा. निरोप निघाला म्हणजे पोहोचला, असे आपला प्रोग्राम कधीही सांगणार नाही. उत्तर न आल्यास तो साध्या मराठीत ‘उत्तर आलेले नाही’ असे म्हणेल आणि पुढे काय करावे, हेही सांगेल. मागणाऱ्याला अंधारात न ठेवणे हा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सचोटीचा भाग आहे, आणि तो शाळेतच शिकता येतो.