अंथरूण आवरावे की उघडे ठेवावे?

सकाळी उठल्याबरोबर अंथरूण आवरावे, हा घरोघरचा नियम आहे. त्यावरचा प्रश्नही घरोघरी ऐकू येतो : रात्री पुन्हा पसरायचेच आहे, तर सकाळी गुंडाळायचे कशासाठी? घरातील मोठ्या माणसांना हा प्रश्न आळशीपणाचा वाटतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने तो रास्त आहे. अंथरूण आवरायला रोज ३ मिनिटे लागतात असे धरले, तर वर्षाला १,०९५ मिनिटे, म्हणजे सव्वाअठरा तास होतात. एवढा वेळ खर्च करायचा, तर मोबदल्यात काय मिळते हे विचारायला काहीच हरकत नाही.

या बाबतीत जाणत्या माणसांची मतेही उलटसुलट आहेत. अमेरिकेच्या नौदलातील ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना अंथरूण आवरण्याचा सल्ला दिला. दिवसाचे पहिले काम पुरे झाले की पुढच्या कामांना हुरूप येतो, असे त्यांचे म्हणणे. उलट २००५ साली इंग्लंडमधील किंग्स्टन विद्यापीठाचे स्टीफन प्रेटलव्ह यांनी असे मत मांडले, की अंथरूण उघडे ठेवणेच बरे. उघडे अंथरूण सुकते आणि त्यातील सूक्ष्म जीव जगू शकत नाहीत. त्यांचा हा निष्कर्ष संगणकावर केलेल्या गणितावर आधारलेला होता, आणि काही तज्ज्ञांनी त्याच वेळी त्याबद्दल शंका व्यक्त केली होती.

मग आपण कोणाचे ऐकायचे? उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : अंथरूण कोणत्या गावातले, आणि महिना कोणता? आपण अलोऱ्याचे उदाहरण घेऊ. चिपळूण तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंभार्ली घाटाच्या खाली वसले आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ते सर्वांना माहीत आहे. समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे येथे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो.

जागेचा हिशेब

आधी सोपे कारण पाहू. एका माणसाच्या अंथरुणाला ६ फूट गुणिले ३ फूट, म्हणजे १८ चौरस फूट जागा लागते. चार माणसांना ७२ चौरस फूट. खोली १२ फूट गुणिले १० फूट असेल, तर तिच्या १२० चौरस फुटांपैकी ६० टक्के जागा अंथरुणांनीच व्यापली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीच खोली दिवसा बैठकीची, जेवणाची आणि अभ्यासाची असते. तेथे अंथरुणे घडवंचीवर चढली नाहीत तर घर चालणारच नाही. म्हणून आपल्याकडे हा नियम पडला असावा. पण ज्याची कॉट स्वतंत्र आहे, त्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. त्यासाठी पाण्याचा विचार केला पाहिजे.

अंथरुणात पाणी कोठून येते?

घाम आलेला दिसत नसला तरी आपल्या त्वचेतून दिवसाला सुमारे ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी बाष्परूपाने बाहेर पडत असते. आठ तासांच्या झोपेत हे पाणी सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास होते. त्यातले बरेचसे चादर, गोधडी आणि गादी यांतच शिरते.

शिवाय कापूस हवेतील बाष्पही शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो. आर्द्रता ९० टक्के झाली, की हे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळ जाते. ६ किलो कापसाच्या गादीत पहिल्या स्थितीत अर्धा किलो, तर दुसऱ्या स्थितीत जवळजवळ एक किलो पाणी असते. हात लावला तर गादी ओली लागत नाही, फक्त ‘सर्द’ लागते. आषाढात अंथरूण जड वाटते, तो केवळ भास नव्हे.

हवा किती पाणी पिऊ शकते?

एक घनमीटर हवेत बाष्प किती मावेल, हे तापमानावर अवलंबून असते. २६ अंश सेल्सिअसला सुमारे २४ ग्रॅम, ३४ अंशांना सुमारे ३८ ग्रॅम, तर ४५ अंशांना सुमारे ६५ ग्रॅम बाष्प मावते. जेवढे मावू शकते त्याच्या शेकडा किती बाष्प प्रत्यक्षात आहे, ते सांगणारी संख्या म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता जुलैमधील एक सकाळ घ्या. खोलीतील हवा २६ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के. म्हणजे एका घनमीटरात सुमारे २२ ग्रॅम बाष्प आहे. ही हवा जवळजवळ तृप्त आहे, ती आणखी फारसे पाणी घेणार नाही. परंतु आपण नुकतेच उठलो आहोत आणि अंथरूण अजून शरीराच्या उबेने ३४ अंशांच्या आसपास आहे. तीच हवा या उबदार कापडाला लागली की तापते. बाष्प तेवढेच, २२ ग्रॅम. मावू शकते मात्र ३८ ग्रॅम. म्हणून अंथरुणालगत सापेक्ष आर्द्रता ५८ टक्क्यांपर्यंत उतरते, आणि अंथरूण सुकू लागते!

ही संधी थोडाच वेळ टिकते. अंथरूण निवून २६ अंशांवर आले, की त्याच्या भोवतीची हवा पुन्हा ९० टक्क्यांची होते. आता उलट क्रिया सुरू होते आणि सुकलेला कापूस हवेतील बाष्प परत घेऊ लागतो. म्हणजे अलोऱ्याच्या पावसाळ्यात दिवसभर उघडे ठेवलेले अंथरूण संध्याकाळी सकाळपेक्षा अधिक सर्द असू शकते. पंखा लावला तरी तो हवा हलवतो, हवेतील बाष्प कमी करत नाही.

वळकटी म्हणजे झाकण

अंथरूण गुंडाळले की काय होते? बाहेरच्या हवेला लागणारा पृष्ठभाग फार कमी होतो. आतल्या थरांपर्यंत पोचण्यासाठी बाष्पाला कापसाच्या अनेक पदरांतून वाट काढावी लागते, आणि ही वाट फार सावकाश कापली जाते. म्हणून आत जी स्थिती असेल तीच कित्येक तास टिकून राहते. कोरडे गुंडाळले तर कोरडे राहते, दमट गुंडाळले तर दमट. वळकटी अंथरूण सुकवत नाही आणि ओलेही करत नाही, ती फक्त झाकण घालते. झाकण केव्हा घालायचे, हे आपण ठरवायचे.

उठल्याबरोबर गुंडाळले तर रात्रीचे पाणी आत कोंडले जाते आणि कुबट वास येतो. फार दिवस असेच चालले तर कापडावर भुरा धरतो.

मीठ आणि माइट

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे कोकणात कोणालाही सांगावे लागत नाही. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतील बाष्प ओढून विरघळू लागते.

हीच युक्ती अंथरुणातील एक जीव वापरतो. त्याचे नाव माइट. तो कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला हा प्राणी सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर लांबीचा असतो आणि आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतो. तो पाणी पीत नाही. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी क्षारयुक्त द्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. हा द्राव बरणीतल्या मिठाप्रमाणेच हवेतील बाष्प शोषतो आणि ते पाणी माइटच्या तोंडाकडे जाते. २५ अंशांच्या सुमारास यासाठी सुमारे ७० टक्के आर्द्रता लागते. हवा बराच काळ त्याहून पुष्कळ कोरडी राहिली, तर माइट हळूहळू सुकून मरतात. मात्र दिवसातले थोडे तास जरी दमट हवा मिळाली तरी ते तग धरतात, आणि ते तास रात्री आपले शरीरच त्यांना पुरवते. तेव्हा तासभर अंथरूण उघडे ठेवले की माइट संपले, असे समजू नये.

माइट चावत नाहीत. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेच्या सूक्ष्म कणांचा. घरातील धुळीमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे मूळ हे माइट असावेत, असे नेदरलँड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६४ साली दाखवले. ज्या मुलाला दमा आहे, त्याच्या दृष्टीने दमट अंथरुणाचा प्रश्न नीटनेटकेपणाचा नसतो, तर रात्रीच्या शांत श्वासाचा असतो. माइट मेले तरी हे कण कापडात राहतात. ते घालवायला चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवावे लागतात. गादी झटकायची ती घराबाहेर, आणि दमेकऱ्याने त्या वेळी दूर राहावे. औषधोपचार अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने.

ऊर्जेचा हिशेब

६ किलोची गादी एक मीटर उंच घडवंचीवर ठेवायला किती कार्य करावे लागते? ६ × ९.८ × १, म्हणजे सुमारे ५९ ज्यूल. आणि तिच्यात रात्री शिरलेल्या सव्वाशे ग्रॅम पाण्याची वाफ करायला? एका ग्रॅमला सुमारे २,४०० ज्यूल या हिशेबाने ३ लाख ज्यूल! गादी उचलण्याच्या पाच हजारपट. हे काम हातांचे नव्हे, उन्हाचे आहे. चांगल्या उन्हात एक चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे ७०० ज्यूल ऊर्जा पडते. अर्ध्या तासात ती साडेबारा लाख ज्यूल होते. तिचा चौथा हिस्सा जरी बाष्पीभवनाला लागला तरी काम भागते. शिवाय उन्हात गादी ४५ अंशांपर्यंत तापली, तर आपली मघाची २२ ग्रॅम बाष्पाची हवादेखील तिच्यालगत अवघी ३४ टक्के आर्द्रतेची होते. नवरात्रापूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन खडखडीत उन्हात वाळवण्याची आपली चाल या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. पावसाळ्याचा सर्दपणा काढून टाकण्याची ती पहिलीच खात्रीची संधी असते.

ऊन नसेल तेव्हा? तान्ह्या बाळाची दुपटी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवतात, त्यामागचे तत्त्व हेच. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात लहानसा विजेचा दिवा लावून ठेवतात. २६ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा फक्त ५ अंशांनी तापवली, तर आर्द्रता ७० टक्क्यांखाली येते. मात्र गाद्या आणि विस्तव किंवा दिवा यांची जवळीक धोक्याची आहे. हा प्रयोग अंथरुणावर करू नये.

मग निर्णय काय?

अलोऱ्यात जून ते सप्टेंबर : उठल्यावर पांघरूण बाजूला करावे, अंथरूण उबदार आहे तोवर, म्हणजे दात घासून तोंड धुऊन होईपर्यंत, ते उघडे ठेवावे आणि मग घट्ट गुंडाळावे. उघडीप मिळाली की तासभर उन्हात टाकावे, आणि ऊन उतरण्यापूर्वी गुंडाळावे. ऑक्टोबर ते मे : आधी वारा आणि ऊन द्यावे, मग सवडीने आवरावे. सोलापूर किंवा नागपूर येथे एप्रिल-मेमध्ये दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. तेथे अंथरूण दिवसभर उघडे राहिले तरी ते सुकतच जाईल. तेथे आवरायचे ते धुळीसाठी आणि जागेसाठी.

थोडक्यात, ३ मिनिटांचे श्रम वाया जात नाहीत. मात्र ते योग्य वेळी केले पाहिजेत.

करून पहा

१. सुमारे २०० ग्रॅम वजनाचे दोन सारखे सुती टॉवेल घ्या. दोन्ही एकाच वेळी उन्हात वाळवा आणि शाळेच्या तराजूवर वजन करा. पावसाळी दिवशी एक टॉवेल खोलीत पसरून ठेवा, दुसरा घट्ट गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. दर तासाला दोघांचे वजन करून आलेख काढा. कोणाचे वजन लवकर वाढते?

२. हाच प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा करा. या वेळी दोन्ही टॉवेल आधी प्रत्येकी २० ग्रॅम पाणी शिंपडून दमट करा. आता कोणाचे वजन लवकर घटते?

३. बशीत चिमूटभर शुद्ध मीठ घालून ती अंथरुणाजवळ ठेवा. मीठ ओले झाले, तर खोलीतील आर्द्रतेविषयी काय सांगता येईल? मीठ कोरडे राहिले, तर काय?

४. विचार करा : ‘अंथरूण उघडे ठेवावे’ हा इंग्लंडमधील सल्ला जुलै महिन्यात अलोऱ्याला लागू पडतो का? जानेवारीत पडेल का? उत्तरासोबत कारणही लिहा.